चषक हवाय कुणाला?

इंग्लंडमध्ये जानेवारी उजाडला की वर्तमानपत्रांत एक रडगाणे ठरल्यासारखे सुरू होते. एफए कपची तिसरी फेरी याच सुमारास असते आणि वरच्या दोन श्रेणींतले संघ या फेरीपासून स्पर्धेत उतरतात. मग मोठ्या संघाचा प्रशिक्षक आठ-नऊ नेहमीचे खेळाडू विश्रांतीला बसवतो, राखीव खेळाडूंना आणि अकादमीतल्या पोरांना मैदानात धाडतो, वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या रिकाम्या राहतात आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहितो की चषकाचे दिवस आता संपले. जानेवारी २०१४ मध्ये ॲस्टन व्हिलाचे प्रशिक्षक पॉल लँबर्ट यांनी तर आडपडदा न ठेवता सांगून टाकले की प्रीमियर लीगमधल्या बहुतेक प्रशिक्षकांना ही स्पर्धा नसती तरी चालले असते. लगेचच त्यांचा संघ घरच्या मैदानावर तिसऱ्या श्रेणीतल्या शेफील्ड युनायटेडकडून २-१ असा हरला, म्हणजे त्यांची तेवढी इच्छा तरी पुरी झाली. पण लँबर्ट बोलले ते प्रशिक्षकांबद्दल. ‘चषकाला आता किंमत उरली नाही’ म्हणणारे हे वाक्य परस्पर चाहत्यांच्या तोंडी घालतात, आणि सगळी गफलत तिथे होते. क्लब चालवणारे आणि क्लबवर जीव टाकणारे ही दोन वेगळी माणसे आहेत. लीगमध्ये दोघांचे हित बहुतेक वेळा एकाच दिशेने जाते, त्यामुळे फरक दिसत नाही. चषक स्पर्धेत तो उघडा पडतो. म्हणून क्लबने चषकात कोणता संघ उतरवला यावरून चाहत्यांच्या मनाचा अंदाज बांधणे चूक आहे, एवढेच या प्रकरणात सांगायचे आहे.

आधी एक गोष्ट मान्य करू. चषकाचे जुने तेज काही अंशी दुर्मीळपणाचे होते आणि ते परत येणार नाही. एफए कपची कल्पना १८७१ मध्ये चार्ल्स ऑलकॉक यांनी मांडली. पहिल्या वर्षी जेमतेम पंधरा संघांनी नावे दिली आणि मार्च १८७२ मध्ये, आपल्याला क्रिकेटमुळे माहीत असलेल्या ओव्हल मैदानावर, वाँडरर्स संघाने रॉयल इंजिनिअर्सला १-० असे हरवून पहिला चषक जिंकला. फुटबॉल लीग सुरू झाली ती १८८८ मध्ये. म्हणजे सोळा वर्षे लीग नावाची वस्तूच नव्हती. संघटित फुटबॉल म्हणजे चषक, असा साधा हिशेब होता. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कापडगिरण्यांच्या गावातल्या कामगारांच्या संघाने ओल्ड ईटोनियन्सना, म्हणजे बड्या घरच्या माजी विद्यार्थ्यांना, अंतिम सामन्यात हरवले आणि खेळ सरदारांच्या हातून निसटला तो कायमचा. १९२३ मध्ये वेम्बलीवर पहिला अंतिम सामना झाला. अधिकृत नोंद १,२६,०४७ प्रेक्षकांची असली, तरी भिंती-फाटके ओलांडून प्रत्यक्षात किती लोक आत शिरले हे कुणालाच मोजता आले नाही. माणसे थेट मैदानात उतरली आणि घोडेस्वार पोलिसांनी त्यांना रेषेबाहेर सारल्यावरच खेळ सुरू झाला. पुढे दूरचित्रवाणी आली, तरी लीगचे सामने नियमितपणे थेट दाखवायला १९८३ साल उजाडावे लागले. तोवर क्लब फुटबॉलमधला घरबसल्या हमखास पाहायला मिळणारा सामना एकच, मे महिन्यातला चषकाचा अंतिम सामना. आज आठवड्यातले कुठलेही सामने मोबाइलवर दिसतात. ज्यांच्या मनात चषक म्हणजे वर्षातला तो एक शनिवार, त्यांना आजचा चषक फिका वाटणारच. पण तो एकमेव राहिला नाही आणि तो कुणालाच नकोसा झाला, या दोन विधानांत बरेच अंतर आहे.

क्लबांना तो नकोसा का झाला, याचे कारण जमाखर्चात आहे. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, त्याच वर्षी युरोपच्या जुन्या स्पर्धेला चॅम्पियन्स लीग हे नवे रूप मिळाले आणि प्रक्षेपण हक्कांचे पैसे वाढतच गेले. अलीकडच्या हंगामांत प्रीमियर लीगमध्ये तळाला राहणाऱ्या संघालाही दहा कोटी पौंडांहून अधिक वाटा मिळतो. एफए कप जिंकणाऱ्याचे बक्षीस वीस लाख पौंडांच्या घरात. गुणतक्त्यात एक पायरी वर सरकले तरी याहून जास्त मिळते. वरून पदावनती झाली तर बसणारा खड्डा वेगळाच. अशा वेळी मालकाच्या दृष्टीने चषक म्हणजे हाता-पायांचे स्नायू दुखावून घेण्याची एक जादा संधी, आणि मालकाचा तो विचार मूर्खपणाचा नाही. १९९९-२००० च्या हंगामात मँचेस्टर युनायटेड, गतविजेते असूनही, ब्राझीलमधल्या जागतिक क्लब स्पर्धेसाठी एफए कपमध्ये उतरलेच नाहीत; त्या निर्णयामागे इंग्लिश फुटबॉल संघटनेचाच आग्रह होता, हे त्यातले विशेष. पुढे २०१२ मध्ये आर्सेनलचे आर्सेन वेंगर यांनी चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरणे हाही एक करंडकच असल्याची मांडणी केली. हिशेब म्हणून ती बिनतोड होती. पण चौथ्या क्रमांकाचा करंडक कपाटात ठेवता येत नाही. दोन वर्षांनी, मे २०१४ मध्ये, आर्सेनलने हल सिटीविरुद्ध ०-२ अशी पिछाडी भरून काढत ३-२ असा एफए कप जिंकला, नऊ वर्षांचा दुष्काळ संपला, आणि मिरवणुकीसाठी उत्तर लंडनचे रस्ते भरून गेले. मधल्या सगळ्या वर्षांत आर्सेनल पहिल्या चारांत होते, पण त्यासाठी कुणी उघड्या टपाची बस काढली नव्हती. गंमत म्हणजे एफए कप सर्वाधिक वेळा, सात वेळा, जिंकणारे प्रशिक्षकही वेंगरच.

चाहत्याचे खाते निराळ्या वहीत असते. त्याला लाभांश मिळत नाही. क्लबच्या उत्पन्नात पाच कोटींची भर पडली तर त्याच्या तिकिटाचा दर कमी होत नाही, उलट वाढण्याची शक्यता अधिक. त्याच्या वाट्याला येतात ते दिवस, म्हणजे सांगण्यासारखे, पोराला दाखवण्यासारखे, गावाने एकत्र भोगलेले दिवस. वीस संघांच्या लीगमध्ये विजेता एकच असतो आणि तो कोण असेल हे तीन-चार नावांतून ठरलेले असते. उरलेल्यांना ‘यंदा बरे खेळलो’ यावर समाधान मानावे लागते. या कोंडीतून बाहेर पडायची वाट चषकातून जाते. न्यूकॅसल युनायटेडचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. ऑक्टोबर २०२१ पासून हा क्लब सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या ताब्यात आहे. पैशाची ददात नाही. मे २०२३ मध्ये त्यांनी लीगमध्ये चौथा क्रमांक पटकावला आणि दोन दशकांनी चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश मिळवला. जमाखर्चाच्या भाषेत ही फार मोठी गोष्ट होती आणि लोक खूशही झाले. पण मार्च २०२५ मध्ये याच संघाने वेम्बलीवर डॅन बर्न आणि अलेक्झांडर इसाक यांच्या गोलांवर लिव्हरपूलला २-१ असे हरवून लीग कप जिंकला, तेव्हा त्या शहराला जे झाले ते निव्वळ आनंद या शब्दात मावत नाही. १९५५ नंतरचा हा पहिला मोठा देशांतर्गत करंडक. सत्तर वर्षे! मिरवणुकीला सुमारे तीन लाख लोक आल्याचे सांगितले गेले; शहराची स्वतःची वस्ती जवळपास तेवढीच आहे. आणि हा कुठला चषक? इंग्लंडमधल्या दोन चषकांपैकी धाकटा, ज्याला प्रतिष्ठित मंडळी नाके मुरडतात, जो १९६० मध्ये सुरू झाला तेव्हा अनेक बड्या क्लबांनी त्यात भाग घेणेच टाळले होते.

२०२५ चे ते एकच वर्ष घेतले तरी पुरावा थक्क करणारा आहे. मे महिन्यात क्रिस्टल पॅलेसने मँचेस्टर सिटीला १-० असे हरवून एफए कप जिंकला. एबेरेची एझेने सोळाव्या मिनिटाला गोल केला, गोलरक्षक डीन हेंडरसनने पेनल्टी अडवली आणि दक्षिण लंडनच्या या क्लबला इतिहासातला पहिला मोठा करंडक मिळाला. त्याच आठवड्यात इटलीत बोलोन्याने मिलानला हरवून १९७४ नंतर प्रथमच कोपा इटालिया उचलला. नेदरलँड्समध्ये गो अहेड ईगल्स या डेव्हेंटर गावच्या संघाने भरपाई वेळेत बरोबरी साधून, पुढे पेनल्टी शूटआउटवर चषक नेला. त्यांचे याआधीचे मोठे यश १९३३ सालचे लीग विजेतेपद होते, म्हणजे तो दिवस आठवणारे कुणी हयात असलेच तर नव्वदीपार. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनने सेल्टिकला शूटआउटवर हरवून १९९० नंतरचा पहिला स्कॉटिश कप मिळवला. जर्मनीत श्टुटगार्टने १९९७ नंतर प्रथमच चषक जिंकला, आणि त्यांच्यासमोर अंतिम सामन्यात होता तिसऱ्या श्रेणीतला आर्मिनिया बीलेफेल्ड, ज्याने वाटेत वरच्या श्रेणीतले चार संघ गारद केले होते, त्यांत गतविजेता लेव्हरकुझेनही होता. या गावांपैकी एकातही ‘चषकाला आता कोण विचारतो’ हा प्रश्न विचारायची सोय नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा येतो, आणि तो वजनदार आहे : जिंकल्यावर कोण नाचत नाही? विजेत्याचा आनंद हा स्पर्धेच्या थोरवीचा पुरावा कसा होईल? म्हणून विजेत्यांना बाजूला ठेवू आणि अजून जिंकले नसताना, किंवा हरणार हे दिसत असताना, लोक कसे वागतात ते पाहू. स्पेनमध्ये २०२० च्या कोपा देल रेच्या अंतिम फेरीत अ‍ॅथलेटिक बिल्बाओ आणि रेआल सोसिएदाद हे दोन बास्क शेजारी समोरासमोर आले, तेवढ्यात करोना आला. रिकाम्या स्टेडियमात सामना उरकून घेता आला असता. चषकासोबत येणारी युरोपातली जागाही शाबूत राहिली असती. दोन्ही क्लबांनी त्या जागेवर पाणी सोडले आणि चाहत्यांना येता येईल तोवर थांबू असे सांगितले. साथ हटली नाही. अखेर एप्रिल २०२१ मध्ये सामना बंद दारांआडच खेळावा लागला आणि सोसिएदादने तो १-० ने जिंकला. पण थांबण्याचा तो निर्णय कोणाच्या हिशेबाने झाला होता? बिल्बाओ हा सभासदांच्या मालकीचा क्लब आहे, तिथे मालक आणि चाहता यांत भिंत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे. याच बिल्बाओने एप्रिल २०२४ मध्ये मायोर्काला शूटआउटवर हरवून चाळीस वर्षांनी कोपा जिंकला, तेव्हा नेर्व्हिओन नदीच्या खाडीतून ‘गाबार्रा’ या जुन्या मालवाहू पडावावर खेळाडूंची मिरवणूक निघाली. १९८४ नंतर तो पडाव बाहेर काढलाच नव्हता. दोन्ही काठांवर दहा लाखांच्या आसपास माणसे होती असा अंदाज आहे. मधल्या चार दशकांत बिल्बाओ युरोपात अनेकदा खेळले, पण त्यासाठी पडाव पाण्यात उतरला नाही.

हरलेल्यांचे आणखी एक उदाहरण कव्हेंट्री सिटीचे. हा क्लब २०१८ पर्यंत चौथ्या श्रेणीत होता, मध्यंतरी घरचे सामने दुसऱ्या शहरात खेळण्याची पाळी त्याच्यावर आली होती. एप्रिल २०२४ मध्ये एफए कपच्या उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडने त्यांच्यावर ३-० अशी आघाडी घेतली. शेवटच्या वीस मिनिटांत कव्हेंट्रीने तीन गोल फेडले, जादा वेळेच्या अगदी अखेरच्या क्षणी चौथाही मारला, आणि चित्रफितीवर पाहून तो ऑफसाइड ठरला, बोटभर फरकाने. शूटआउटवर ते हरले. करंडक नाही, युरोप नाही, बक्षिसाची रक्कमही किरकोळ. तरी त्या क्लबच्या अलीकडच्या इतिहासातला हा सामना लोक लीगमधल्या कित्येक विजयांच्या आधी सांगतील. किंवा त्याहून खाली जाऊ. जानेवारी २०२१ मध्ये आठव्या श्रेणीतल्या मरीन या संघाची सोडतीत टॉटनहॅमशी गाठ पडली. लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीत घरांच्या परसदारांना चिकटून त्यांचे मैदान आहे. साथीमुळे प्रेक्षकांना बंदी होती, तेव्हा क्लबने आभासी तिकिटे काढली, म्हणजे पैसे द्यायचे आणि बदल्यात काहीही पाहायला मिळणार नाही. अशी ३०,६९७ तिकिटे खपली, आणि घेणाऱ्यांत टॉटनहॅमचेही बरेच चाहते होते. सामना टॉटनहॅमने ५-० असा जिंकला. ज्या स्पर्धेची कुणाला पर्वा नाही तिच्या न दिसणाऱ्या खुर्चीसाठी तीस हजार माणसे खिशात हात घालत नाहीत.

दुसरा आक्षेप डोळ्यांना दिसणारा आहे : मग खुर्च्या रिकाम्या का? त्या रिकाम्या असतात हे खरेच, पण कुठे आणि कधी ते नीट पाहिले पाहिजे. सुरुवातीच्या फेऱ्यांत, मोठ्या क्लबच्या घरच्या मैदानावर, समोर लिंबूटिंबू संघ, तेही बहुधा आडवारी रात्री आणि ज्याचे तिकीट हंगामी पासात धरलेले नसते अशा सामन्याला. यजमान संघाने स्वतःच राखीव खेळाडू उतरवून ‘हा सामना महत्त्वाचा नाही’ असे जाहीर केलेले असते. जी वस्तू दुकानदारच कोपऱ्यात टाकतो ती गिऱ्हाइकाने उचलली नाही, तर दोष गिऱ्हाइकाला कसा द्यायचा? त्याच संध्याकाळी पाहुण्यांचा कोपरा मात्र बहुधा खचाखच भरलेला असतो. एफए कपच्या नियमांनुसार पाहुण्या संघाला स्टेडियमच्या क्षमतेच्या पंधरा टक्क्यांपर्यंत जागा मागता येतात. लीगमध्ये मिळतात त्याच्या कितीतरी पट. जानेवारी २०२४ मध्ये न्यूकॅसल शेजारच्या संडरलँडला चषकाचा सामना खेळायला गेले, तेव्हा सहा हजार पाहुणे चाहते गेले होते.

रचना बदलली की खुर्च्या कशा भरतात, याचा प्रयोगही झालेला आहे. स्पेनमध्ये कोपा देल रेचे सामने वर्षानुवर्षे घरी आणि बाहेर असे दोनदा खेळवले जात, त्यामुळे छोट्या संघाने एकदा कमाल केली तरी आठवड्याभरात हिशेब चुकता होई. २०१९-२० पासून उपांत्य फेरीपर्यंत एकच सामना आणि तोही खालच्या श्रेणीतल्या संघाच्या मैदानावर, असा नियम झाला. पहिल्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीतला मिरांदेस उपांत्य फेरीत पोहोचला आणि निपचित पडलेल्या स्पर्धेत धुगधुगी आली. फ्रान्समध्ये हजारो हौशी संघ चषकाच्या प्राथमिक फेऱ्यांत उतरतात, दोन श्रेणी खालच्या संघाला यजमानपद मिळते. २००० मध्ये चौथ्या श्रेणीतला काले हा बंदरगावचा संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला तो असाच. जर्मनीतही पहिल्या फेरीत हौशी संघ घरी खेळतात. याच्या उलट्या टोकाला फ्रान्सचा लीग कप होता : फक्त व्यावसायिक क्लबांसाठी, वरच्यांना सवलती देणारा. २०२० मध्ये तो बंद झाला आणि फारसे कुणी हळहळले नाही. इटलीने २०२१ मध्ये आपला चषक जवळजवळ वरच्या दोन श्रेणींपुरता मर्यादित केला, तो मला सरळसरळ नुकसानीचा निर्णय वाटतो. बोलोन्याच्या आनंदाने तो झाकला जात नाही. तेव्हा प्रत्येक चषक चाहत्यांना प्रिय असतो असा माझा दावा नाही. ज्याचे दार खालच्यांसाठी उघडे आहे तो प्रिय असतो. ज्याचे दार बंद, तो लीगचीच जादा तासिका.

इंग्लंडमध्ये हे दार हळूहळू ओढून घेतले जात आहे. बरोबरी झाली की दुसऱ्या संघाच्या मैदानावर पुनर्लढत, हा एफए कपचा दीडशे वर्षांचा रिवाज. २०२४-२५ च्या हंगामापासून पहिल्या मुख्य फेरीपासूनच्या पुनर्लढती रद्द झाल्या. घोषणा झाली ती कव्हेंट्रीच्या त्या सामन्याच्या तीनच दिवस आधी. कारण काय, तर युरोपातल्या वाढलेल्या सामन्यांमुळे वेळापत्रकात जागा नाही. युरोपात खेळणारे संघ सात-आठ, पुनर्लढतीवर तगणारे क्लब शेकडो. जानेवारी २००५ मध्ये पाचव्या श्रेणीतल्या एक्सेटर सिटीने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ०-० असे रोखले होते. दोन वर्षांपूर्वीच तो क्लब बुडता बुडता चाहत्यांच्या न्यासाने हाती घेतला होता. पुनर्लढत ते ०-२ ने हरले, पण दोन सामन्यांच्या गल्ल्यातून आणि प्रक्षेपणाच्या पैशातून कर्जाचा मोठा बोजा उतरला. नव्या नियमाप्रमाणे तो ०-० चा सामना त्याच दिवशी जादा वेळेत किंवा पेनल्टींवर संपला असता. खेळाडूंवर ताण येतो ही तक्रार खोटी नाही, तिच्याशी माझे भांडण नाही. पण ताण कमी करायचा म्हणून कात्री लावायची ती नेमकी सर्वांत गरीब सामन्यांना, आणि त्याच काळात परदेशी सराव दौरे व नवनव्या जागतिक स्पर्धा वाढवत न्यायच्या, हा न्याय चाहत्यांना पटलेला नाही आणि पटण्याचे कारणही नाही.

तिसरा आक्षेप आकड्यांचा : शेवटी चषकही श्रीमंतच नेतात, मग गरिबांचा आशेचा किरण वगैरे कशाला? १९९६ ते २०२५ या तीस वर्षांत एफए कप पाच बड्या क्लबांबाहेर गेला तो फक्त चारदा : पोर्ट्समथ, विगन, लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस. चार म्हणजे थोडेच. पण त्याच तीस वर्षांत लीगचे विजेतेपद त्या पाचांबाहेर गेले ते एकदाच, २०१६ मध्ये लेस्टरकडे. जर्मनीतला फरक आणखी ठळक आहे. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत बायर्न म्युनिकने लीग चारदा जिंकली, चषक एकदाही नाही. मधल्या काळात त्यांना दुसऱ्या श्रेणीतल्या कीलने आणि तिसऱ्या श्रेणीतल्या झारब्रुकेनने चषकातून बाहेर काढले. चषक काही समता आणत नाही. लीगपेक्षा थोडी जास्त फट ठेवतो एवढेच, आणि ज्याच्या वाट्याला बाकी सगळ्या भिंतीच आहेत त्याला फटीचे मोल कळते. या फटीची किंमत कधी जबरही पडते. विगनने मे २०१३ मध्ये बेन वॉटसनच्या भरपाई वेळेतल्या गोलावर मँचेस्टर सिटीला हरवून चषक जिंकला आणि तीन दिवसांनी प्रीमियर लीगमधून त्यांची घसरण पक्की झाली. पुढे आर्थिक दिवाळखोरीपर्यंत मजल गेली. बर्मिंगहॅमने २०११ मध्ये लीग कप जिंकला आणि त्याच हंगामात खाली गेले. चषकाच्या मागे लागून लीग गमावली, असे बोट यावर दाखवले जाते. पण प्रीमियर लीगमधून दरवर्षी तीन संघ खाली जातात, चषक जिंको वा न जिंको; आठ वर्षे वरच्या श्रेणीत काढलेल्या विगनच्या नावापुढे आज जगाला आठवते ती तेवढीच एक संध्याकाळ.

हा सगळा पसारा आपल्यापासून दूरचा वाटेल, पण भारतीय फुटबॉल तर जवळजवळ शतकभर चषकांवरच उभे होते. १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झालेला ड्युरँड कप, कोलकात्याचे आयएफए शील्ड, मुंबईच्या कूपरेजवर रंगणारा रोव्हर्स कप, ही त्या खेळाची पंचांगे होती. मोहन बागानने १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवले ते शील्डमध्ये. हैदराबाद सिटी पोलिसांची १९५० ते १९५४ अशी सलग पाच विजेतेपदे रोव्हर्समधली. राष्ट्रीय लीग आली ती १९९६ मध्ये, आणि मग तारखांच्या ओढाताणीत चषक मागे पडत गेले. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर थांबला, फेडरेशन कप २०१७ नंतर. तरीही जानेवारी २०२४ मध्ये ईस्ट बंगालने ओडिशाला जादा वेळेत ३-२ असे हरवून सुपर कप जिंकला, बारा वर्षांनी राष्ट्रीय करंडक आला, तेव्हा कोलकाता विमानतळावर लाल-पिवळ्या झेंड्यांची रीघ लागली. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) गुणतक्त्यात त्या वर्षी हा संघ पहिल्या सहांतही नव्हता. कोल्हापुरात तर यावर वादच नको. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ किंवा दिलबहार विरुद्ध खंडोबा अशा लढती होतात, तेव्हा कोणत्या चषकाचा सामना आहे हे प्रायोजकागणिक बदलते. पेठ आणि तालीम तीच राहते, गर्दीही तीच.

चषकाला किंमत नाही म्हणणाऱ्यांनी भारतातले २०२५ साल जरूर पाहावे. मे महिन्यात एफसी गोवाने जमशेदपूरला ३-० असे हरवून सुपर कप जिंकला. त्या विजयाने आशियाई स्पर्धेच्या पात्रता सामन्याचे दार उघडले, ऑगस्टमध्ये गोव्याने ओमानच्या अल सीबला हरवले आणि ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाचा अल नस्र फातोर्ड्याच्या मैदानावर खेळायला आला. ब्रायसन फर्नांडिस या गोवेकर पोराने त्यांच्याविरुद्ध गोलही केला. सामना १-२ असा गेला. त्याच सुमारास व्यावसायिक हक्कांच्या करारावरून आयएसएलचा नवा हंगाम अडकून पडला होता, क्लबांना पुढे काय होणार याचा पत्ता नव्हता, खेळाडूंचे पगार टांगणीला लागले होते. अशा अवस्थेत ऑक्टोबरच्या अखेरीस गोव्यात पुन्हा सुपर कप भरला. डिसेंबरमध्ये फातोर्ड्यालाच अंतिम सामना झाला. निर्धारित आणि जादा वेळेत गोल झाला नाही, आणि एफसी गोवाने ईस्ट बंगालला पेनल्टी शूटआउटवर हरवून चषक राखला. लीगचा हंगाम तोवर सुरूही झाला नव्हता.